शुभेच्छुकांत सौ. श्रद्धा

३ फेब्रुवारी, सोमवार
श्रद्धाला पोटगी द्यायची नाही. फायनल. कोर्टाने दरमहा आठ हजार लावलेत. दिले तर ती शिरगावला माहेरी आरामात राहणार आणि घटस्फोटाची केस चालवणार. नाही दिले तर दोन महिन्यांत झक मारत घरी येईल. साधी गोष्ट आहे. माझ्या वकिलाला कळत नाही, माझ्या दोस्ताला, रघुला कळते. रघुचा स्वतःचा घटस्फोट झालाय, म्हणजे अनुभव आहे.

१० मार्च
कोर्टात सांगितलं, बेकार आहे. कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे मी, पण पगार रोख, कुठे नोंद नाही. जजसाहेबांनी मान हलवली. पटलं असणार.
श्रद्धा बारीक झालीय. येते आता.

२२ एप्रिल
आली नाही. नोटीस आली. आदेश पाळला नाही म्हणून कोर्टाचा अवमान. मी आणि अवमान? पहिल्या तारखेला तर मी दाराशी चपला काढत होतो, शिपायानेच थांबवलं.

६ मे
आयडिया. १४ ला माझा वाढदिवस. शिरगावच्या नाक्यावर फ्लेक्स. श्रद्धा रोज तिथूनच स्टेशनला जाते. वर मी, गॉगलमध्ये. खाली शुभेच्छुक म्हणून मंडळातली पोरं आणि मधोमध सौ. श्रद्धा, लग्नातला फोटो. नुसतं ‘महेशदादा’ बरं दिसत नाही म्हणून रघुने वर ‘युवा उद्योजक, दानशूर व्यक्तिमत्त्व’ टाकायला लावलं. फ्लेक्सवाल्याकडे ते तयारच असतं.
बिल उधार ठेवलंय.

१५ मे, रात्री
श्रद्धाने रिक्षा थांबवली. खाली उतरून मोबाईलवर फ्लेक्सचा फोटो काढला. रघुने डोळ्यांनी पाहिलं. मला रडूच आलं. घर झाडलं, दोन नव्या उशा आणल्या.

११ जून
फोटो कोर्टात निघाला. जजसाहेबांनी फ्लेक्स मोठ्याने वाचला आणि विचारलं, काय काय दान करता? रक्तदान म्हणणार होतो, वकिलाने पाय दाबला. पुढच्या तारखेला सगळी थकबाकी भरा, नाहीतर जेल.

१ जुलै
जेल वाईट नाही. रघु म्हणतो, नवरा आत गेला की बाईमाणसाला दया येते, डबा घेऊन येते. वकील म्हणतात, आत जाऊनही थकबाकी सुटत नाही. वकील फार निगेटिव्ह आहेत.
तरी फ्लेक्सवरच्या सगळ्या पोरांना फोन केले. एकाने उचलला. त्याने माझ्याकडेच पाचशे मागितले.

९ जुलै
जेल नाही.
श्रद्धाच्या गळ्यात आयकार्ड होतं. मार्चपासून अंबरनाथ एमआयडीसीत नोकरी करते. मला माहीत नव्हतं. कोर्टाबाहेर स्वतःच जवळ आली.
“पैसे राहू द्या. मला तुमच्याकडून काही नको. फक्त संमतीने घटस्फोटाच्या अर्जावर सही करा.”
रागावली असती तर काहीतरी बोलता आलं असतं. रागावली नव्हती. पेनही तिनेच दिलं. सही केली. वकील म्हणाले, सुटलात.
थकबाकी होती तोवर दर तारखेला ती दिसायची. आता सहा महिन्यांनी एकदाच, शेवटच्या सहीला. वकिलाला तसं म्हटलं. ते म्हणाले, काळजी करू नका, तीही तारीख लवकर मागू. मॅडमना घाई आहे.