काचेवरचं ‘ओके’

जिंतूर,
रविवार, ३ मे २०२६

तीर्थरूप दाजींना मल्हारीचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. ऊन एवढं आहे की दुपारी पाना हातात धरवत नाही. सकाळी सहाला गॅरेज उघडतो आणि बाराला शटर ओढतो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. आता तिला सगळं लख्ख दिसतं आणि ताप आमच्या डोक्याला; कोपऱ्याकोपऱ्यातली जाळी बोट दाखवून काढायला लावते. अक्काचा गुडघा कसा आहे? उन्हाळ्यात जरा कमी दुखतो म्हणाली होती.

फोन का केला नाही म्हणाल. फोनवर तुम्ही ‘ठीक ना? ठीक’ एवढं बोलता आणि अक्काकडे देता. मला सांगायचंय ते तुम्हालाच. तुम्ही मास्तर माणूस, शुद्धलेखनाच्या चुका दिसतीलच, पण लाल पेन घेऊन बसू नका. आधी शेवटपर्यंत वाचा.

सतरा तारखेला धोंड्याचा महिना लागतोय. तीन वर्षांतून एकदा येणारा हा जावयांचा महिना, आणि मागचे तिन्ही धोंडे तुम्ही चुकवलेत. एकदा ट्रेनिंग, एकदा कोरोना, एकदा ताप. त्यातला कोरोना खरा होता.

आता गाडीचं सांगतो. तुमच्या वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली ती पांढरी अँबॅसिडर. अपघातानंतर तुम्ही म्हणाला होता, ‘मल्हारी, मोडीत घाल हिला.’ मी हो म्हणालो आणि घातली नाही. गॅरेजमागच्या पत्र्याखाली ठेवली. सवड मिळेल तसं इंजिन उतरवलं, दारं ठोकून सरळ केली, सीटा शिवून घेतल्या. गेल्या वर्षी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले, आणि या दोन महिन्यांत मागचे ड्रम काढून तिथंही डिस्क बसवले.

सोपं काम नव्हतं. जुन्या ॲक्सलला नवी डिस्क लावायची म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवं जू. परभणीचा नागसेन लेथवाला, त्याच्याकडून डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर बसवायची पट्टी करून घेतली, ती दोन सूत बाहेर आली. दुसरी आत गेली. तिसरी बसली तेव्हा आम्ही दोघांनी तिथंच उभ्या उभ्या चहा प्यायला. मग हँडब्रेक. ड्रमचा हँडब्रेक ड्रमबरोबर जातो, म्हणून भंगारातून हँडब्रेकवाले कॅलिपर हुडकले आणि केबल कापून जुळवली. तरी पहिल्या दिवशी मागची चाकं आधी धरायची आणि गाडी शेपूट फिरवायची. मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह टाकला, तेव्हा ताळ्यावर आली.

तुम्ही म्हणाल, जुने ब्रेक चांगले होते की. तेच सांगायला बसलोय, आणि दोन पानं इकडचं तिकडचं लिहीत बसलोय.

पंधरा सालच्या धोंड्याला तुम्ही दोघं आला होता. आईनं तुमचे पाय धुतले, अनारसे वाढले, सगळ्या गल्लीला जावई दाखवला. जेवणानंतर तुम्ही म्हणालात, ‘मल्हारी, गाडी जरा एका बाजूला ओढती. बघ बरं.’ मी मागचं डावं चाक खोललं. ॲक्सलचं सील गेलं होतं आणि ब्रेकचे लायनर तेलानं भिजले होते. तेल प्यायलेलं लायनर फेकून द्यायचं असतं, दाजी, हे मला शिकायला गेलो तेव्हा पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं.

त्या दिवशी रविवार, दुकानं बंद. गाडी ठेवा, उद्या करतो, एवढंच म्हणायचं होतं. पण गॅरेज टाकून मला चारच महिने झाले होते. धोंड्याला आलेल्या जावयाची गाडी मेव्हण्याच्याच गॅरेजात अडली, त्याला एसटीनं पाठवलं, असं गल्लीत झालं असतं. आई अक्काची ओटी भरून दारात उभी होती. मी लायनर पेट्रोलनं धुतले, पॉलिश पेपरनं घासले आणि ड्रम परत चढवला. वरून सगळं कोरडं, चकचकीत. तयार झालेल्या गाडीच्या काचेवर मी खडूनं ‘ओके’ लिहायचो, तशी त्या वेळी माझी ऐट होती. तुमच्या गाडीवरही लिहिलं. तुम्ही हसून माझ्या पाठीवर थाप मारली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण जे माहीत आहे ते खोटं आहे. परत जाताना उतारावर मेंढरं आडवी आली. मेंढरं राखणाऱ्या आपल्या माणसानं मेंढरावर गाडी घातली नसतीच. तुम्ही ब्रेक वेळेत मारला होता. डावं चाक धरलं नाही, उजव्यानं धरलं, गाडी फिरली आणि अक्काच्या बाजूनं बाभळीवर गेली. तुमची नजर चुकली नव्हती. तुमचा पाय चुकला नव्हता. चूक माझ्या हाताची होती.

दवाखान्यात आई तुम्हाला म्हणाली, ‘मेंढरं वाचविली, अन् माझी लेक मोडली तुमी.’ तुम्ही मान खाली घालून म्हणालात, ‘माझंच ध्यान नव्हतं.’ मी तिथं दाराशीच उभा होतो. गाडी ओढून आणल्यावर मी एकट्यानं तो ड्रम खोलला, तेल पुसलं, नवे लायनर टाकले. कुणी बघायच्या आत. लायनर धुतले ती चूक म्हणता येईल. हे दुसरं मात्र चूक नव्हे, लबाडी होती.

त्यानंतर तुम्ही स्टिअरिंगला हात लावला नाही. अकरा वर्षं एसटी. मध्यंतरीच्या लग्नात मी स्टँडवर तुम्हाला दोघांना बघितलं. अक्का आधी उजवा पाय पायरीवर ठेवते, दांडी धरते, मग अपघातातला डावा ओढून घेते, आणि तुम्ही मागं दोन्ही हात पसरून उभे असता, तिला न शिवता. तुमच्या त्या पसरलेल्या हातांकडे मला बघवलं नाही. मी भेटलोच नाही, पानटपरीच्या आडोशाला उभा राहिलो.

तरीही गप्पच बसलो असतो. मी तेवढा भित्रा आहे. पण गेल्या महिन्यात आई म्हणाली, ‘जावयाला धोंड्याला बोलाव. मी माफ केलं म्हणावं. आता म्हातारपणी मनात ठिवून काय करू?’ ही माफी घेऊन मी पाथरीला तुमच्या दारात कोणत्या तोंडानं येणार होतो? गॅरेजमागं, गाडीशेजारीच, तिला सगळं सांगितलं.

ती मग म्हणाली, ‘म्हंजी अकरा वर्सं माझ्या तोंडानं तूच त्या मानसाला बोलत ऱ्हायलास.’

दोन दिवस तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी काठी टेकत पत्र्याखाली आली आणि मागच्या सीटवर बसली. म्हणाली, चालव, थांबती का बघू दे. सकाळचा रस्ता मोकळा होता. मी गाडीला वेग दिला, स्टिअरिंगवरचे हात सोडले आणि ब्रेक मारला. दाजी, गाडी नाकासमोर सरळ थांबली. आईनं घरी येऊन अनारशाचे तांदूळ भिजत घातले.

डिस्क का बसवली ते आता सांगतो. ड्रममध्ये सगळं झाकलेलं असतं. आत काय चाललंय ते खोलणाऱ्यालाच माहीत. डिस्क उघडी असते. तेल गळलं तर रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसतं. यापुढं मला झाकलेलं काही नको.

अक्काला मी समोर बसून सांगणार आहे. ते ओझं तुमच्यावर टाकत नाही. मला माफ करा असंही लिहीत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि नाही ठरलं तरी माझी तक्रार नाही. आईचा निरोप मात्र तिच्याच शब्दांत देतो: ‘आता माफी मागायची पाळी माझी हाय. जावई आले न्हाईत तर आपुन जाऊ.’ तुम्ही आलात तर पाय धुवायला तीच बसेल. तिला अडवू नका.

गाडी धुऊन उभी केली आहे. काचेवर ‘ओके’ लिहिलेलं नाही. त्या धोंड्यानंतर मी ते कुठल्याच गाडीवर लिहिलं नाही. खडू डॅशबोर्डवर ठेवलाय. तुम्ही चालवून बघा, हात सोडून ब्रेक मारून बघा, आणि पटलं तर तुमच्या मास्तरी अक्षरात तुम्हीच लिहा.

अक्काच्या पायांना आणि तुमच्या पायांना हात लावून,
ज्याला तुम्ही लहान भाऊ म्हणत आलात, तो
मल्हारी