लाल खडूच्या फळ्या

२ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

वखारीत रुळलो आहे. ताज्या चिरलेल्या फळ्या औषधाच्या हौदात बुडवतो, म्हणजे त्यांना निळी बुरशी धरत नाही. कॉलेज बुडवलं आणि आता फळ्या बुडवतोस, म्हणशील. म्हण.

नवी औषधं तपासायला दोघं आली आहेत. एक ती, मागे लिहिलं होतं तीच. दुसरा चष्मिस. तो तिचे डबे उचलतो, खडू उचलतो आणि दिवसभर तांब्याच्या क्षारांवर बोलतो. ती मान कलती करून ऐकते, ताई. माझं टाळकं सडकतं. काल लाल खूण केलेल्या सहा फळ्या पुढ्यात टाकून, लाल डब्यातल्या औषधात नीट बुडव म्हणाला. मी साध्या पाण्यात बुडवल्या. आठवड्यात निळ्याशार होतील, मग बघू त्याचं कोण ऐकतं.

लोभ आहेच, वाढला तरी चालेल.
तुझा भाऊ

५ जुलै

चि. तापटरावांस अनेक आशीर्वाद.

लहानपणी माझ्या चित्राला बक्षीस मिळालं, तेव्हा त्यावर पाणी ओतलं होतंस. तेच पाणी अजून चालू आहे. तो तिचं सामान उचलतो ना, मग लाल डबा त्याचाच कशावरून? त्याचा असला तरी सांगून टाक. फळीला चिरल्या दिवशीच औषध लागतं, डाग आत गेला की निघत नाही, हे तूच लिहिलं होतंस.

रागावण्याआधी जेवत जा.
ताई

११ जुलै

ती. ताईस, सा. न.

डबा तिचा होता. फळ्या निळ्या पडल्या आणि मालकांनी तिला उद्यापासून येऊ नको सांगितलं. चष्मिस तिच्या बाजूनं भांडत होता, आणि मला तेव्हाही त्याचाच हेवा वाटला. तुझं पत्र खिशात होतं. मग सांगितलं सगळं, सगळ्यांसमोर.

ती ओरडली नाही. एका फळीवर रंधा मारायला लावला. आतही निळंच. म्हणाली, लाकूड मजबूत आहे, नुसतं बघवत नाही.

तिची चाचणी पुन्हा सुरू झाली. मला हौदावरून हटवून थप्प्या रचायला लावलंय. माझ्या जागी चष्मिस. तुलनेसाठी या वेळी सहा फळ्या तिनं मुद्दाम नुसत्या पाण्यातून काढल्या आणि ओळखायला त्यांवर खडूनं माझं नाव घातलं. सगळे हसतात. पण अक्षर तिचं आहे, ताई. दिवसातून चारदा बघून येतो.

माया पातळ करू नकोस.
तुझा भाऊ