ट्रेबल दहावर

ता. ४ फेब्रुवारी १९९६

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली का ते कळवावे. आई रोज विचारते.

पत्रास कारण असे. जुना हॉल पाडणार आहेत. त्याआधी १० मार्चला दुपारी तुमच्या ऑर्केस्ट्राने तिथे शेवटचे एकदा वाजवायचे ठरवले आहे. ड्रमरकाका बाबांना बोलवायला आले होते. बाबांनी नुसती बोटे पुढे केली. कारखान्यात पत्र्याच्या पेट्या ठोकून ठोकून ती आता मिटत नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, की गिटार हा वाजवेल. मी पाट्या रंगवणारा. अक्षर चुकले तर पुसता येते, हॉलमध्ये काय पुसणार? पण हो म्हणून बसलो.

दुसरे असे, की बाबांचे कान झपाट्याने उतरत आहेत. वर्षभराने काही ऐकू येईल असे वाटत नाही, असे डॉक्टर म्हणाले. सहा वर्षे बाबांनी मला शिकवले, पण 'बरोबर' असे एकदाही म्हटले नाही. ऐकू येते आहे तोवर त्यांनी ते म्हणावे, एवढेच मला हवे आहे.

सूर बसले आहेत, आवाज बसत नाही. आई आम्हाला शेवटच्या रांगेत घेऊन बसायची, तिथवर बाबांची गिटार कशी लखलखत यायची! माझी गोधडीखालून आल्यासारखी वाटते. पिकअपचा स्विच ब्रिजकडे ठेवला आहे. अ‍ॅम्पवर बास २, मिडल ५, वरच्या सुरांचा ट्रेबल ७. बाबांना विचारले तर एकच शब्द: दहा. दहावर नेले तेव्हा आई साबणाच्या हातांनी धावत बाहेर आली आणि शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. बाबा माझी फिरकी घेत आहेत का? मिक्सरवर इतकी वर्षे तुम्ही बसत होता, तुम्हाला ठाऊक असणार.

लिहिण्यात अधिकउणे झाले असल्यास रागवावे, पण लोभ आवरता घेऊ नये.

आपला पुतण्या

ता. १३ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर असं, की दुकानात फ्रेम करून लावावं. इतकं नीट लिहिणारा पोरगा नववीतच शाळा सोडून बसला, याचं तुझ्या काकूला अजून वाईट वाटतं. डोळा आठ मार्चला कापतायत, म्हणजे हॉलला मी मुकलो.

आता ऐक. तुझी वायर किती लांब आहे? लांब वायरीत वरचा आवाज अर्धा मरतो. चार हातांची घे. गिटारवरचं टोनचं बटण पूर्ण उघड. तारा नव्या आणि बारीक लाव. पिक कडक घे, टोकाने मार आणि हात ब्रिजच्या जवळ आण. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला असशील तर तुझ्या कानाखाली वाजवीन. खुर्चीवर ठेव. ट्रेबल बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो, तू ऐकवतोयस ते तुझ्या गुडघ्यांना.

तुझं पत्र वाचून तो टेम्पो आठवला. मागे सामान, सामानावर आम्ही, आणि दादाच्या मांडीवर गिटार. ऊन लागेल म्हणून तिच्यावर स्वतःचा शर्ट टाकायचा आणि आपण बनियनवर. प्रत्येक गावात लोकांना वाटायचं, हमाल आला! मग तोच माणूस स्टेजवर उभा राहायचा आणि पहिल्या तारेला हॉल गप्प व्हायचा. असे दिवस पुन्हा यायचे नाहीत बघ.

दहाचं मला विचारू नकोस. सातवर ठेव आणि वाजव.

वहिनींना नमस्कार. तुझ्यावर जीव आहेच, तो कागदावर किती लिहायचा?

तुझा काका

ता. २४ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितले ते सर्व केले. वायर मोजून सहा फूट. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवल्याबरोबर त्याला जणू तोंड फुटले. ड्रमरकाका तर म्हणाले, की डोळे मिटले तर वाटते तुझा बापच वाजवतोय.

फक्त बाबांचे समाधान नाही. सातवर ते म्हणतात, झाकलेले आहे. आठवर पुढे वाकतात. दहावर हसतात, आणि तेव्हा आम्हा सर्वांचे दात शिवशिवतात.

म्हणून परवा मी एक गोष्ट केली. बाबा पाठ करून बसलेले असताना सर्वांत बारीक तारेवर, बाराव्या पट्टीच्या वर वाजवले. सातवर त्यांनी मान वळवली नाही. तीन वेळा करून पाहिले आणि तीनही वेळा वहीत लिहून ठेवले. दहावर वळून म्हणाले, हा आत्ता वाजलास. आपल्याच बापाची अशी परीक्षा घेतली, मला रात्रभर बरे वाटले नाही.

डॉक्टर हे म्हातारपणाचे म्हणतात. पण दहा हा आकडा तर बाबांच्या तोंडात जुना आहे. काका, हे केव्हापासून आहे? राग आला तरी खरे लिहावे.

तुमच्या मायेवर भिस्त ठेवून विचारले आहे.

आपला पुतण्या

ता. २ मार्च

चि. बाळास,
अ. उ. आ.

दोनदा लिहून फाडलं. आता फाडत नाही.

ऑर्केस्ट्राचं तिसरं वर्ष होतं. तालमीत अ‍ॅम्पमधून बारीक शिट्टी यायला लागली. सगळ्यांनी कान झाकले, दादा शांतपणे तारा पुसत होता. घरी जाताना विचारलं तर रस्त्यातच बसला. दिवसभर पत्र्यावरची घणाघण ऐकून वरचे सूर तेव्हाच गेले होते. ऑर्केस्ट्राच्या मालकाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा गिटारवाला आला असता. कुणाला सांगणार नाही, असा मी शब्द दिला. वहिनींनाही माहीत नाही.

स्वतःला ऐकू यावं म्हणून तो दहावर न्यायचा. हॉलभर जायचं ते अ‍ॅम्पसमोरच्या माइकमधून, माझ्या मिक्सरवरून. मी मागे बसून गुपचूप त्याचा ट्रेबल उतरवायचो. पुढच्या दोन रांगांना टोचायचं, तेवढ्याला इलाज नव्हता. शेवटच्या रांगेत तू ऐकलास तो आवाज असा दोघांचा होता. लोक दादाच्या आवाजाची तारीफ करायचे आणि मी तोंड मिटून चहा प्यायचो. ज्या आवाजावर तो इतका खूश, तो मी रोज कापतो हे त्याला कधी सांगू शकलो नाही. वीस वर्षं भावाला फसवलं, रे.

मिक्सर केव्हाच विकला. दहा तारखेला अ‍ॅम्प थेट वाजणार. सातवर ठेवलास तर हॉल तुझा, दहावर ठेवलास तर दादा. काय करायचं ते मी सांगणार नाही.

या पत्रानंतर माझ्याबद्दल जे काही उरेल, तेवढा लोभ ठेव.

काका

ता. १२ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

डोळ्याला पट्टी असेल, तेव्हा हे काकूंनी वाचून दाखवावे.

मी दहावर ठेवले. बाबा पहिल्या रांगेत, अ‍ॅम्पच्या अगदी समोर होते. पहिल्याच सुराला एका बाईने मुलाचे कान दाबले, आणि ड्रमरकाका माझ्याकडे असे बघत होते की काठी फेकून मारतील. मी फक्त बाबांकडे पाहत होतो. ते ताठ बसले होते, डोळे मिटून, आणि न मिटणारी बोटे मांडीवर माझ्याबरोबर चालत होती. एकही जागा चुकली नाहीत.

मुखडा संपला तसे ते उठले. कठडा धरून पायऱ्या चढून वर आले. माझा हात थांबला. त्यांनी अ‍ॅम्पवर वाकून ट्रेबल स्वतःच्या हाताने खाली आणला, सहाच्या थोडा पुढे. मग म्हणाले, की ऐकले, बरोबर आहे, आता या लोकांसाठी वाजव. आवाजाचा अंदाज नसल्यामुळे ते साऱ्या हॉलला ऐकू गेले. खाली जाऊन त्यांनी खुर्ची फिरवली आणि शेवटपर्यंत लोकांची तोंडे पाहत बसले.

घरी येताना मी विचारले, की सहाचे कसे जमले. ते म्हणाले, तुझा काका साधारण तिथेच आणायचा. मी उभाच राहिलो. ते सांगू लागले, की पुढच्या रांगा तोंड वाकडे करायच्या आणि मागच्या डोलायच्या, हे स्टेजवरून दिसायचे. मागे कुणाचा हात आहे हे कळायला कान कशाला लागतात?

त्यांनी निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा लिहितो. मागे तू बसलेला असायचास म्हणूनच मी बेधडक दहावर न्यायचो, असे त्याला कळव.

काकूंना नमस्कार. डोळ्यांना जपावे, आणि आम्हा दोघांवरचा लोभ आहे तसा असू द्यावा.

आपला पुतण्या