ड्रमला शेक नको

भाऊबीज, २००६. तिरोडा. संध्याकाळ.

उद्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात ड्रमसेट मी वाजवणार, म्हणून अंगणात मांडून सुरात लावायला बसले. एक ड्रम नुसता भदभद वाजत होता. पाहते तर बाबा गोवऱ्या पेटवून तो उचलून चाललेले. जन्मभर दंडारीच्या नाचगाण्यात ढोलकी वाजवली, चामडं सैल पडलं की शेकायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

"बाबा, हे प्लास्टिक आहे. वितळेल." ड्रम परत घेऊन मी त्याच्या काठाच्या बोल्टला चावी लावली.

"मंग चावी कायले पिरगाळून राहिली? तेनं का होते?"

बाबा रागावून बाजेवर बसले. मी एक बोल्ट कसला, मग त्याच्या समोरचा, प्रत्येकाजवळ स्टिक टेकवून ऐकलं. एकच बोल्ट हट्टी, तिथे आवाज खालीच. माझाच हात कचरत होता का? बाबा ऐकून राहिले होते ना. त्याच बोल्टला पुन्हा अर्धा आटा दिला, आणि ड्रम सगळीकडून सारखा बोलला.

बाबा उठून आत गेले. ज्या ढोलकीला मला कधी हात लावू दिला नव्हता, ती आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"हिचंही पाह्य जरा."

विस्तव अजून होता. ढोलकी मीच शेकली.