यंदाचा मेंढा मीच कापणार

२ एप्रिल
डॉक्टर मसमूदीनं एमआरआयची फिल्म उजेडाला धरली आणि सांगितलं, कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर सरकलीय, नस दाबतेय. उजव्या पायाचा अंगठा वर उचलत नाही म्हणजे आता थांबण्यात अर्थ नाही, ऑपरेशन. चाळिशीसुद्धा गाठली नसेल पोरानं. मी बावीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. रोज आठ तास शिकाऊच्या शेजारी, पायाखाली माझा वेगळा ब्रेक. अर्ध्या सफाक्स शहराचा जीव या उजव्या पायानं वाचवलाय. मला पाय शिकवतो.

मी एकच विचारलं. ईद सत्तावीस मेला. तोवर मेंढा कापता येईल ना? म्हणाला, चालता-फिरता व्हाल, पण मेंढा यंदा दुसऱ्या कुणाला कापू द्या.

दुसऱ्या कुणाला म्हणजे कुणाला? आमच्या घरी सव्वीस ईदा मेंढा मी निवडला आणि मी कापला. घरात दुसरा पुरुष म्हणजे बायकोचा भाऊ फतही. बँकेत काउंटरमागे बसतो आणि नखं कानशीनं घासतो. सुरी त्याच्या हातात दिली तर मी घरात कशाला, पडदे धरायला?

संकल्प: ऑपरेशन करून टाकायचं. ईदेच्या सकाळी सुरी माझ्या हातात.

८ एप्रिल, सकाळी ६
उपाशी. पाण्याचा घोटसुद्धा नाही. नर्सनं विचारलं, भीती वाटते का. तिला म्हटलं, पोरी, मी नवशिक्यांना घाटात गाडी चालवायला देतो. सलवा, म्हणजे बायको, बाथरूममधून डोळे लाल करून आली. साबण गेला म्हणाली. बायकांना साबण फार जातो.

८ एप्रिल, वेळ माहीत नाही
झालं. घसा सोलवटलाय. पण पायातली कळ गेली. मांडीपासून घोट्यापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं व्हायचं, ते गेलं. साफ गेलं. म्हणजे आजार गेला. मग यांनी महिनोन्महिन्यांचं काय लावलंय?

९ एप्रिल
आमना नावाची फिजिओ आली. मला बिछान्यातून उठायला शिकवलं. कुशीवर वळायचं, पण ओंडक्यासारखं, खांदा आणि कंबर एकदम. मग पाय खाली सोडायचे आणि हातानं अंग वर ढकलायचं. चोपन्न वर्षं रोज सकाळी न शिकता उठतोय मी.

जाताना एक कागद दिला. सहा आठवडे वाकू नये, कमरेतून वळू नये, दोन किलोंच्या वर उचलू नये, वीस मिनिटांच्या वर बसू नये, गाडी चालवू नये. चालावं मात्र रोज, थोडं थोडं वाढवत. पायात मुंग्या येतील, कधी जुनी कळ डोकावेल, घाबरू नये. बधिरपणा जायला महिने लागतात. लघवी अडली किंवा दोन्ही मांड्यांमध्ये बधिर वाटलं तर मात्र तडक दवाखान्यात यावं. असं बरंच.

हे कागद सर्वसाधारण माणसासाठी छापतात. मी शिकाऊंकडून नियम घोकून घेतो, एक शब्द चुकला तरी गाडीतून उतरवतो. पण रहदारी वेगळी आणि कंबर वेगळी.

१३ एप्रिल
भेटायला येणाऱ्यांचा धरबंध राहिला नाही. प्रत्येक जण साखरेचा पुडा किंवा रसाच्या बाटल्या घेऊन येतो, आणि सोबत एका मेव्हण्याची गोष्ट, ज्याचं हेच ऑपरेशन झालं आणि जो त्यानंतर उठलाच नाही. कॉफी पितात, बदामाची मिठाई खातात आणि मेव्हण्याचे हाल सांगतात.

सलवानं स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं घड्याळ माझ्या उशाशी ठेवलंय. वीस मिनिटं झाली की ते किंचाळतं आणि मी उभा राहतो. यजमान उभा राहिला म्हणजे पाहुण्यानं काय समजायचं? तेही उठतात, गालाला गाल लावतात आणि निघतात. आज माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक सहकुटुंब आला, कॉफीचा पहिला घोट घेतला, आणि घड्याळ वाजलं. कप तसाच ठेवून गेला. सलवा दारापर्यंत धावली, ऑपरेशन झालंय हो, तसं काही नाही. पण मालकाची बायको म्हणे जिन्यातून म्हणाली, गोणीभर माज आहे.

घड्याळ पलंगाखाली लपवलं. संध्याकाळी सलग दोन तास बसलो. काही झालं नाही. थोडं झालं.

२० एप्रिल
टाके काढले. मसमूदी म्हणाला, जखम उत्तम भरलीय. पायाचा अंगठा वर करायला लावला. बोटभर उचलला गेला. त्याला आनंद झाला. मला त्यात काही नवल वाटलं नाही, माझा अंगठा आहे. जखम भरली म्हणजे आतलंही भरलं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. त्यानं पुन्हा मेंढ्याचं विचारलं नाही. मीच सांगितलं की कापणार आहे. तो सलवाकडे बघून हसला. हे दोघं मिळालेले आहेत.

२८ एप्रिल
रोजचं चालणं सुरू. घर ते कॉफीचं दुकान बारा मिनिटं, परत बारा. मध्ये पत्त्यांचा दीड तास. चालणं चोवीस मिनिटं झालं ते झालंच ना? संध्याकाळी पोटरीत कळ आली. सलवाच्या हातची हरीसा, लाल मिरचीची चटणी, फार तिखट झालीय हल्ली, ती नसांत उतरते.

५ मे
आमनाकडे दुसऱ्यांदा. चटईवर उताणं पडायचं, बेंबी पाठीकडे ओढायची, श्वास न रोखता दहा आकडे मोजायचे. एवढ्यासाठी बाईनं पाच वर्षं शिक्षण घेतलं. मी विचारलं, याचा मेंढ्याला काय उपयोग? तिनं वहीत काहीतरी लिहिलं. पुढच्या वेळी जाणार नाही. बेंबी माझी मी घरी ओढीन.

(ओढली नाही. पाहुणे होते.)

१२ मे
फतही आला. अत्तर लावून. म्हणे यंदा मेंढा काट्यावरून घेऊ, जिवंत वजनावर, किलोला इतके दिनार, पावती मिळते, फसवणूक नाही. उंटावरचा शहाणा. मेंढा म्हणजे काय बटाटे? मेंढा हातानं ओळखायचा असतो. पाठीवर बोटं फिरवायची, शेपटीची चरबी दाबायची, मग एक हात छातीखाली, एक पोटाखाली, आणि उचलायचा. तीन श्वास धरायचा. अंगाला कळतं हाड किती आणि मांस किती. वडिलांनी मला असंच शिकवलं. फतहीच्या वडिलांनी त्याला काय शिकवलं ते अल्लाला ठाऊक.

मग चहा घेताना हळूच, नावामागे 'सी' म्हणजे साहेब लावून, मला म्हणाला, "सी लसाद, यंदा तुम्ही खुर्चीवर बसा. मी कापतो."

मी सलवाकडे पाहिलं. ती पुदिना निवडत होती. वर बघितलंसुद्धा नाही. म्हणजे यांचं ठरलंय. घरातून माणूस कसा काढतात ते असं. आधी हातातून सुरी काढतात.

१७ मे
गुपचूप चाचणी. रव्याची पाच किलोंची गोण उचलली. काही नाही. मेंढा पन्नास-पंचावन्न, म्हणजे अशा अकरा गोणी फक्त. कंबर एका गोणीला तयार आहे तर अकरांना का नसावी? तीच कंबर.

२० मे, सकाळ
आज सहा आठवडे पूर्ण. मी दिवस मोजून पाहिले, बेचाळीस. कागदावर सहा आठवडे लिहिलंय, म्हणजे आज सकाळपासून मी मोकळा. खाली बारीक अक्षरात 'त्यानंतर डॉक्टरांना विचारून हळूहळू' असं काहीसं आहे, पण बारीक अक्षर हे बारीक माणसांसाठी असतं.

फतहीला गाडी काढायला सांगितलं. सलवाला सांगितलं, नुसता बघायला जातोय.

२० मे, दुपारी, पडून
शांतपणे लिहून ठेवतो, कारण उद्या लोक वेगळंच सांगतील.

शहराबाहेर बाजार भरलेला. फतही सरळ काट्याच्या रांगेत. मी त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं. पहिला मेंढा उचलला. उत्तम. छप्पन्न म्हणालो. विकणारा म्हणाला, हाताला डोळे आहेत तुमच्या. लोक थांबून बघायला लागले. दुसरा मेंढा शिंगाळ, रुंद छातीचा. फतही कानाशी आला, पुरे आता, ताईनं सांगितलंय. त्यानं ताईनं सांगितलंय म्हटलं नसतं तर मी कदाचित उचललाही नसता. खाली वाकलो, हात घातले, उचलला. एक श्वास. दुसऱ्या श्वासाला जनावरानं लाथ झाडली आणि मी कमरेतून वळलो. आत काहीतरी गरम सुटलं आणि सरळ अंगठ्यापर्यंत गेलं.

मेंढा खाली ठेवला. विकणाऱ्याला सांगितलं, हलका आहे.

त्यानंतर मला सरळ होता येईना. बसताही येईना. सगळे म्हणाले, खुर्चीत बसवू नका. फतहीनं तोच मेंढा घेतला, काट्यावर तोलून, पावतीसकट. एकसष्ट किलो. भाड्याच्या टेम्पोत मागे पेंढा पसरला, एका बाजूला मेंढा बांधला आणि दुसऱ्या बाजूला मला निजवलं. घरापर्यंत दोघं आडवे आलो. गल्लीतल्या पोरींनी मेंढा आला, मेंढा आला म्हणून टाळ्या वाजवल्या. मग मला पाहिलं.

रस्त्यावरचे खड्डे हेच मूळ कारण. नगरपालिकेला लिहिणार आहे.

२१ मे
पाय आहे जागेवर. फक्त पुढचा भाग लोंबतो. सलवाला म्हटलं, लचक आहे. मी मोरीकडे निघालो तर उजवी सपात पायातून निसटून मागे राहिली आणि मला कळलंच नाही. चार पावलं अनवाणी गेलो. तिनं सपात उचलली आणि हातात धरून तशीच उभी राहिली. इतकी काय सपातेला घाबरायची गरज?

२२ मे
पुन्हा एमआरआय. तीच गादी, तीच जागा. उरलेला तुकडा बाहेर आलाय. मसमूदी ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडला नाही. म्हणाला, कधी कधी न उचलताही परत येतं, तुम्ही वाट सोपी करून दिलीत. एकोणतीसला दुसरं ऑपरेशन. तोवर पडून राहायचं, पाय आणखी लुळा पडला तर तासभरही थांबायचं नाही. मी विचारलं, पाय परत येईल ना? म्हणाला, "पहिल्या खेपेला मी हो म्हणालो असतो. आता बघू."

डॉक्टर लोकांना सरळ उत्तर देता येत नाही. शिकाऊ लोक असेच असतात, वळायचं की नाही विचारलं तर बघू म्हणतात.

२६ मे
मेंढा गच्चीवर ओरडतोय. हिशेब लावला. आडवं पडून सुरी धरता येते. फतही आणि अजून एक जण मला उचलून अंगणात नेतील, सतरंजीवर निजवतील, मेंढा माझ्यापर्यंत आणतील. कापणं एका क्षणाचं काम. संकल्प पक्का. सुरीला आज पडूनच धार लावली. उशीचा अभ्रा कापला गेला.

२७ मे, सकाळी ७
मशिदीतून नमाज ऐकू येतोय. सगळे नव्या कपड्यांत. फतहीला हाक मारली, आला नाही. मग स्वतः उठलो. कुशीवर वळलो, ओंडक्यासारखा, अगदी आमनानं शिकवलेलं. पाय खाली सोडले. उजवा पाय जमिनीला लागला की नाही तेच समजलं नाही, म्हणून त्यावर भार टाकला.

आता जमिनीवर आहे. इथून खिडकी उघडी दिसते, अंगण दिसत नाही. हाका मारल्या तर सगळे येतील आणि मला असा बघतील. हाका मारत नाही.

२७ मे, दुपारी
जे ऐकलं ते लिहितो.

ईदेला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, उशीर होतोय. फतही सुरी घेऊन उभा राहिला असावा, कारण त्याचा आवाज आला आणि तो बदललेला होता. म्हणाला, हा बघतोय माझ्याकडे. मग म्हणाला, खाटकाला फोन लावतो. खाटीक चारच्या आधी येणार नव्हता. इकडे मी जमिनीवर पडून खूश झालो. खोटं कशाला लिहू, खूश झालो. म्हटलं, बघा, आता तरी कळेल. आता येतील मला न्यायला.

मग सलवाचा आवाज आला. बिस्मिल्ला, अल्लाहू अकबर. इतक्या खालच्या आवाजात की प्रार्थना आहे की स्वतःशी बोलतेय कळेना. मग काहीच नाही. धडपड नाही, किंचाळणं नाही, पुन्हा सुरी मागणं नाही. मी कापतो तेव्हा अर्धी गल्ली जमते इतका गोंधळ असतो.

अर्ध्या तासानं ती मला शोधत आत आली. शेजाऱ्यांना बोलावून मला पलंगावर घेतलं. मग शेगडीवर भाजलेली कलेजी घेऊन आली, हातांना धुराचा वास. विचारलं, कुठं शिकलीस? म्हणाली, वडिलांनी शिकवलं, पंधराव्या वर्षी. फतहीला रक्त बघवत नसे. लग्नापर्यंत घरचे सगळे मेंढे तिनंच कापले.

"मग सव्वीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तुला आवडायचं," ती म्हणाली. "तुझा पहिला वार दर वर्षी चुकायचा. मान मी अशी धरायचे की दुसरा चुकू नये."

मला राग यायला हवा होता. शोधला, सापडला नाही. तिनं पांघरूण वर केलं, अंगठा उचल म्हणाली. सगळा जीव त्या अंगठ्यात गोळा केला. जागचा हलला नाही. तिनं पायावर हात ठेवला तोही अर्धाच जाणवला.

"मेंढे मी कापीन," ती म्हणाली. "मला तू चालता हवायस."

मी सांगितलं, मला भीती वाटतेय. ती म्हणाली, ठाऊक आहे, गार होण्याआधी खा. आणि भरवलं.