ओळख पटलेली बाई

६ जून

चि. बारकीस,
ताईचे आशीर्वाद. घरात सगळी ठीक असाल असं धरून चालते.

तुझी दोन पत्रं येऊन पडलीत आणि माझं एकही गेलं नाही, म्हणजे तू फुगून बसली असशील. बस फुगून. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तू ओरडायला लागलीस की तुझ्या शेजाऱ्यांना आपल्या घरच्या सगळ्या भानगडी कळतात. त्यापेक्षा उशिरा का होईना, पत्र बरं.

दमलेय गं. संग्रहालय म्हणायचं, पण आहे काय, तर जुन्या जकात नाक्याच्या दोन खोल्या नि एक व्हरांडा. पण कुलूप उघडा, काचा पुसा, शाळेची पोरं आली की तोफगोळा ढकलू नका म्हणून घसा फोडा, हे सगळं करणारी मी एकटी. बाबांनी हौसेनं मांडलं आणि नोकरी संपल्यावर मी ते गळ्यात घालून घेतलं. आता गावच्या कचेरीतला साहेब म्हणतो, माणसं येत नसतील तर खोल्या आम्हाला जुनी कागदपत्रं ठेवायला द्या. मनात येतं, देऊन टाकावं आणि पाय पसरून झोपावं.

पण एक नवीनच लफडं मागे लावून घेतलंय. स्टेशनजवळचा फोटोस्टुडिओ बंद झाला. मालकाच्या पुतण्यानं तीन खोकी फोटो आणून टाकले. लोक नटूनथटून फोटो काढून गेले आणि न्यायला फिरकलेच नाहीत, ते सगळे. एकावरही नाव नाही. मग दर रविवारी आम्ही ते टेबलावर मांडतो आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलावतो, ओळखा म्हणून. वेगवेगळ्या घरच्या दोघांनी एकच नाव सांगितलं तरच खाली चिठ्ठी लागते, नाहीतर जो तो आपल्या काकाला सरदार करून ठेवेल. शिंपीदादा चेहरा बघतच नाहीत, नुसता गळा आणि बाही बघून माणूस सांगतात. नर्सबाईंना प्रत्येकाचं दुखणं आठवतं, नाव आठवत नाही. सुतारानं दोन बाकं फुकट करून दिली. गेल्या रविवारी ती पुरली नाहीत, लोक घरून खुर्च्या घेऊन आले. माझीच खुर्ची कुणीतरी पटकावली आणि मी तीन तास उभी.

एका फोटोत कडेवर बोकड घेतलेला माणूस आहे, अगदी ऐटीत. तुला काही आठवतं का, कळव. जावईबापूंना नमस्कार. माया करत राहा.

तुझी,
ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, राग गेला. बोकडवाला न ओळखायला काय झालं? आपल्या शाळेचा शिपाई तो! बोकड वर्गात शिरला होता आणि मुख्याध्यापकांच्या टोपीचा काठ खाल्ला होता, तोच. सांग तुझ्या त्या मंडळींना, माझी एक साक्ष धरा म्हणावं.

आता माझं ऐक. किती दिवस त्या दोन खोल्यांच्या चाकरीत राहणार आहेस? गुडघे तुझे गेले, कान तुझे गेले. इथे मागची खोली रिकामी आहे, ऊन येतं, जिना नाही. हे तर म्हणतात की ताई आल्या तर मला पत्ते खेळायला कुणीतरी मिळेल. चाव्या कुणाच्या तरी हातात दे आणि निघून ये.

आणि एक विचारायचंय. हसू नकोस. त्या खोक्यांत आपली आई नसेल का गं? गेल्या आठवड्यात लेकीला मुलगी झाली, तुला तार केलीच होती. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणते, ही कुणावर गेली? तिच्या सासरचे भराभर सांगतात, नाक आजोबांचं, कपाळ आत्याचं. आमच्या बाजूला आलं की मी गप्प. मी आजी झाले, केस पांढरे झाले, तरी आई म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही, नुसतं पांढरं. ती गेली तेव्हा तू दहा वर्षांची होतीस, तुला ती पुरेशी मिळाली. मला कुणी रस्त्यात तिचा चेहरा दाखवला असता तरी मी तिला वाट सोडून पुढे गेले असते. एकदा नीट शोध, एवढंच.

तुझ्यावर हक्क सांगणारी,
बारकी

२ जुलै

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. नवी पाहुणी बाळसं धरत असेल. तिला माझा पापा.

तुझी बोकडाची साक्ष कामी आली, चिठ्ठी लागली. पण त्यापायी एक घोटाळा झाला, तो सांगते. रविवारी सुरुवात करण्याआधी बाहेरगावच्यांची आलेली पत्रं मी मोठ्यानं वाचते, कारण एखाद्याच्या पत्रात जुनं काहीतरी निघतं. तुझं वाचायला घेतलं, बोकडावर सगळे पोट धरून हसले, आणि मी त्याच तारेत पुढे वाचत गेले. आईचा मजकूर कधी सुरू झाला तेच कळलं नाही. मधेच थांबले, पण तोवर सगळं बोलून झालं होतं. नर्सबाई डोळे पुसत होत्या. शिंपीदादा उगीच खिडकीशी जाऊन उभे राहिले. माझं डोकं ठिकाणावर नसतं हल्ली, दुसरं काय. रागावू नकोस.

आई खोक्यांत नाही. तिन्ही खोकी मी दोनदा पाहिली. ती कधी स्टुडिओची पायरी चढलीच नाही, बाबा विनवून थकले होते. तेव्हा आशा धरू नकोस.

इथे गर्दी वाढतेच आहे. साहेब स्वतः येऊन पाहून गेला आणि त्याच्याच आजोबांचा फोटो निघाला, त्यामुळे कागदपत्रं आता दुसरीकडे जाणार म्हणे. सगळे माझं अभिनंदन करतायत. मला मात्र गर्दीच्या मधोमध बसून झोप येते. मागच्या खोलीला ऊन सकाळचं असतं की दुपारचं, तेवढं कळव. 

तुझी,
ताई

२१ जुलै

ती. ताईस,
अगं, नमस्कार बिमस्कार नंतर करते. आई आली! 

काल नर्समावशींचं पार्सल आलं आणि त्यातून चौकटीत बसवलेली आईच निघाली. मावशी लिहितात की खोक्याच्या तळाशी कागदाला चिकटून होती, म्हणून तुझ्या नजरेतून सुटली. स्टुलावर बसलेली, वेणी पुढे घेतलेली, सरळ समोर बघते आहे आणि आता हसणार की मग हसणार असं तोंड. मावशींनी ओळखली, शिंपीदादांनी गळ्याची पट्टी बघून सांगितलं की हे पोलकं माझ्याच हातचं. दोन घरं झाली, तुझाच नियम! 

मी दारातच बसले बघ. यांनी पाणी आणलं. लेक धावत आली, बाळाला फोटोशेजारी धरलं, आणि खोटं नाही सांगत, हनुवटी तीच. विहीणबाईंना मी मुद्दाम बोलावून दाखवलं. आज सकाळी उठल्या उठल्या तिच्याकडे पाहिलं आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून चहा झाला का विचारलं. या वयात! माझं मलाच हसू आलं आणि मग रडू आलं.

पण मावशी असंही लिहितात की तू तिच्याखाली नाव लावू देत नाहीस, मला त्यांनी प्रत पाठवली, पण मूळ फोटो तू टेबलाच्या खणात ठेवलास. का गं? गर्दीतून एकदा सवड काढ आणि लगेच लिही.

तुझी आनंदानं वेडी झालेली,
बारकी

३० जुलै

चि. बारकीस,
आशीर्वाद. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. आता एका दमात लिहिते.

ती आपली आई नाही.

आईचा डावा डोळा तिरळा होता. थोडासाच, पण तिला त्याची फार लाज वाटायची. अनोळखी माणसासमोर ती मान खाली घालायची, आणि म्हणूनच तिनं आयुष्यात फोटो काढून घेतला नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तिनं जन्मभर लपवलं ते मी कशाला बोलून दाखवू, असं वाटायचं. त्या फोटोतली बाई कॅमेऱ्यात रोखून सरळ बघते आहे. ती कुणाची तरी आई असेल, आपली नाही.

नर्सबाईंना मी फैलावर घेतलं. आधी ठाम होत्या, मग रडायला लागल्या. म्हणाल्या की तुझं पत्र ऐकल्यापासून त्यांना घास गोड लागेना. शिंपीदादांशी त्यांनी बोलणं केलं, दोघांनी मिळून खोकी उपसली आणि कुणीच न ओळखलेली, वयाला बसेल अशी, चेहऱ्यानं चांगली बाई निवडली. सुतारालाही ठाऊक होतं. चौकट त्यानंच केली. एका पोरक्या मुलीला आई मिळाली तर त्यात कुणाचं काय जातं, असं मलाच विचारलं त्यांनी. मी नुसती चिडले. तुझ्यावर माया आहे गं सगळ्यांची. माया आहे म्हणून तर त्यांना शिव्याही पुरत्या घालता येईनात.

गप्प बसता आलं असतं मला. चार दिवस तोच विचार करत होते. पण तू तिच्याशी बोलायला लागलीस असं वाचलं आणि धीर सुटला. दुसऱ्याच कुणाच्या आईला तू चहा विचारावास, हे मला सोसेना.

बोल हवं तेवढं. तुझी,
ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार.

फोटो भिंतीवरून काढला. खिळा तसाच आहे.

तुझ्यावर रागावले, मावशींवर रागावले, फोटोतल्या त्या बिचारीवरसुद्धा रागावले. विहीणबाईंना अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणार कोणत्या तोंडानं? हे म्हणतात, ताईंनी खरं सांगितलं ते बरं केलं. मला अजून बरं वाटलेलं नाही, खोटं कशाला लिहू?

पण एक मात्र तुला करावं लागेल. इतकी वर्षं तू म्हणत आलीस की काय सांगू, आईसारखी आई होती. आता तसं चालणार नाही. तिरळा डोळा आत्ता कळला मला, पन्नाशी उलटल्यावर! अजून काय काय दडवून ठेवलंयस? बस आणि तिचा चेहरा लिहून काढ. कपाळ, नाक, ओठ, सगळं. फोटो नाही तर नाही, तुझं पत्र चौकटीत लावीन.

बारकी

२४ ऑगस्ट

चि. बारकीस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं बसले. दुपारी संग्रहालय बंद केलं, व्हरांड्यात खुर्ची घेतली, डोळे मिटले. आणि काय सांगू तुला, ती फोटोतली बाई समोर येऊन बसली. 

आधी वाटलं, थकवा असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. घरी, अंथरुणावर, डोळ्यांवर हात ठेवून. तीच बाई, तीच वेणी. महिनाभर तो फोटो मी किती वेळा हातात घेतला असेन, हे खोटं आहे हे स्वतःला पटवायला भिंग लावून लावून पाहिलं, आणि त्या पाहण्यात माझी आई पुसली गेली. डोळा तिरळा होता हे ठाऊक आहे, पण तो डोळा दिसत नाही. बारकी, मी फार रडले. इतकी वर्षं मला वाटायचं, घरातलं बाकी सगळं मी वाटून दिलं, हे एक तेवढं माझ्याकडे शाबूत आहे. आता तुझ्याइतकंच माझ्यापुढेही पांढरं आहे, नव्हे, तुझ्यापेक्षा वाईट, मला परकी बाई दिसते. माझ्याच्यानं आता काही जपणं होत नाही.

चाव्या नर्सबाईंना दिल्या. हो, त्यांनाच. त्यांनी सुतार, शिंपीदादा आणि शाळेतल्या दोन मास्तरणी मिळून दिवस वाटून घेतलेत. त्यांना दटावून सांगितलंय की यापुढे दया आली तर रुमालात नाक शिंकरा, चिठ्ठीवर काही लिहू नका. करतील नीट. गावाला आता ती जागा आपली वाटते, मला ओझं वाटते, तेव्हा ज्याची त्याला गेली. मी पुढच्या आठवड्यात निघते. एक पेटी आणि एक पिशवी, एवढंच सामान आहे.

चेहरा तर लिहिता आला नाही. पण बसल्या बसल्या दुसरंच काहीतरी आलं, ते लिहिते. आई माझी वेणी घालताना मी फार चुळबुळ करायची. मग ती डाव्या हाताच्या दोन बोटांनी माझी हनुवटी पकडायची आणि मान सरळ करायची, जरा जास्तच घट्ट. हात भांडी घासून आलेला, गार, ओलसर. केस इतके ओढून बांधायची की भुवया वर जायच्या. ती गेली आणि तुझे केस वाढले तेव्हा वेणी घालायला घरात मीच होते. मला दुसरी तऱ्हा येतच नव्हती. तीच दोन बोटं, तीच ओढ, हातही बहुतेक गारच. तू किंचाळून घर डोक्यावर घ्यायचीस, दुखतं म्हणून, सोड म्हणून. 

तू किंचाळायचीस ती आईच्या हाताला गं. लग्न होऊन जाईपर्यंत, रोज सकाळी.

बाकी भेटीत. येईन तोवर तुझी माया राखून ठेव.

तुझी,
ताई