चष्म्याच्या घरात

दवाखाना,
९ ऑक्टोबर, दुपार

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे मजेत. म्हणजे बायको मजेत आहे, लेक अभ्यासाच्या नावाखाली माझ्याशी बोलत नाही म्हणजे तीही मजेतच असणार, आणि मी तुला माहीत आहे तसाच. पोट पुढे आलंय, केस मागे गेलेत. तुझं कसं चाललंय? नवीन जागा मानवली का? काकूंची तब्येत स्थिर आहे.

फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच तोंड घालतेस आणि मग मी संधी साधून विषय बदलतो, हे आपलं शाळेपासूनचं आहे. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही आणि मला पळता येणार नाही. तरी बघ, एवढ्या चार ओळी लिहिताना दोनदा उठून खिडकी उघडली आणि लावली.

तू सरळच विचारलंयस. "आईचा आवाज दुखण्याचा येतो. औषध असताना तू हात का आखडता घेतोस? तुम्ही डॉक्टर लोक असल्या गोळ्या लिहायला एवढे का कचरता?"

कचरतो, हे खरं आहे. का, ते सांगतो.

मॉर्फिनचं कपाट वेगळं, त्याला कुलपं दोन. त्याचा कागद वेगळा. एक गोळी कमी भरली तर तपासणीला येणाऱ्या बाई माझ्याकडे अशा बघतात की मी चोर आहे असं मलाच वाटायला लागतं. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर माहीत आहेत ना, मोठ्यानं हसणारे? त्यांच्या एका म्हाताऱ्या पेशंटच्या गोळ्या त्याचा पुतण्या बाहेर विकत होता. डॉक्टरांना ताकास तूर लागू दिली नव्हती त्यानं. पण चौकशी लागली ती डॉक्टरांच्या मागे, आणि अजून संपलेली नाही. आता ते तापाच्या गोळीच्या पुढे काही लिहीत नाहीत. त्यांचे दुखणारे पेशंट माझ्याकडे येतात आणि मी त्यांना मोठ्या हॉस्पिटलची वाट दाखवतो. हॉस्पिटलवाले त्यांना परत माझ्याकडे पाठवतात. दुखणारा माणूस आमच्यामध्ये चेंडूसारखा फिरतो आणि आम्ही सगळे आपापल्या जागी सुरक्षित असतो.

शिवाय फसवणारेही असतात गं. एक भला दांडगा गृहस्थ माझ्यासमोर पाठ धरून असा रडला की सिस्टरनी त्याला पाणी आणून दिलं. त्यानं माझ्यासारख्या चार डॉक्टरांकडून गोळ्या घेतल्या होत्या हे नंतर कळलं. त्याच आठवड्यात एक रंगारी आला, शिडीवरून पडलेला. तोही तसाच रडला. मी त्याला साधी गोळी देऊन घरी पाठवलं. त्याचा मणका खरोखर मोडला होता. खरं दुखणं आणि खोटं दुखणं माझ्यासमोर एकाच खुर्चीत येऊन बसतं, आणि दुखणं मोजायचं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही.

थांब. बाहेर खोकला ऐकू येतोय. एक पेशंट बघून येतो.

आलो. खोकलाच होता, दुसरं काही नाही. सिस्टर विचारत होत्या, "डॉक्टर, एवढं काय लिहिताय? राजीनामा?" त्यांना म्हटलं, जवळजवळ.

हे वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण काकूंच्या बाबतीत ते कारण नाही. आणि तूही अगदी नामानिराळी नाहीस. उन्हाळ्यात तूच लिहिलं होतंस, "जपून दे रे, आईला सवय लावू नकोस." ते वाक्य मला फार सोयीचं पडलं. काकूंनी जरा जास्त मागितलं की मी मनात म्हणायचो, लेकीनंच सांगितलंय.

आता मंगळवारचं लिहितो. ते लिहायचं म्हणूनच बसलोय आणि केव्हापासून वेळ मारून नेतोय.

माझा एक नियम आहे. या गोळ्यांची रिकामी पाकिटं परत आणून द्यायची, तेव्हाच नवीन मिळतात. गोळ्या कुठे जातात त्यावर नजर राहते. काकू नियमाच्या एकदम पक्क्या. दर मंगळवारी मी घरी गेलो की उशीखालून रिकामी पाकिटं काढून माझ्या हातावर ठेवायच्या. एकही कमी नाही. पण चेहरा मात्र राखेसारखा. कूस बदलताना ओठ चावायच्या. आणि तरी म्हणायच्या, "लंब्या, या खेपेला जरा जास्त दे ना."

सगळ्या गोळ्या संपतात, दुखणं थांबत नाही आणि पेशंट जास्त मागतो. आमच्या पुस्तकात याच्याखाली लाल रेघ असते: गोळ्यांची सवय लागलीय, नाहीतर त्या विकल्या जातायत. ही कोण आहे, आपण हिच्या घरात किती वर्षं जेवलोय, यातलं काही मला दिसलं नाही. लाल रेघ दिसली.

मंगळवारी त्यांना पाकिटावरचं बारीक छापलेलं वाचून दाखवावं म्हटलं, म्हणजे जास्त का देत नाही ते पटेल. त्या म्हणाल्या, "मीच वाचते की, चष्मा कुठे ठेवला कोण जाणे." मी आपला उत्साहानं ड्रॉवर उघडला. तुला तो ड्रॉवर आठवत असेल. काकूंनी चष्म्याच्या दुकानात जन्मभर काचा घासल्या, तिथली जुनी चष्म्याची घरं सगळी त्यात. एक उघडलं, रिकामं. दुसऱ्यात काकांचा जाड भिंगांचा चष्मा. काकू मागून म्हणाल्या, "राहू दे, राहू दे," आणि त्या आवाजामुळेच मी तिसरं उघडलं. आत कापूस घातला होता आणि कापसावर गोळ्या. पाकिटातून काढलेल्या, एकीवर एक. माझ्याच.

"काकू, हे काय?"

"ठेव तिथं."

"कुणासाठी आहेत या?"

"तुला काय करायचंय?"

"मला उत्तर द्यावं लागतं याचं."

"मग दे जा उत्तर, डॉक्टरसाहेब."

भिंगरी, जन्मात त्यांनी मला डॉक्टरसाहेब म्हटलं नव्हतं. मी ते घर मिटलं, खिशात टाकलं, त्यांच्या टेबलावर साध्या गोळ्या ठेवल्या आणि निघून आलो. नवीन पाकीटही दिलं नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे दिवसा सोबतीला येणारी बाई किंवा वरचा भाडेकरू यांच्यापैकी कुणीतरी गोळ्या विकतंय आणि काकूंना धमकावतंय. दुसरी गोष्ट मी दोन दिवस मनातही पुरती बोललो नाही. काकू स्वतःसाठी साठवतायत. एकदम घ्यायला. आता लिहिली एकदाची.

बुधवारी गेलो नाही. गुरुवारी त्यांच्या दारावरून गेलो, पावलं भरभर उचलत. मी, ज्याला लहानपणी त्या दारातून हाकलावं लागायचं.

शुक्रवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी गेलो. सोबतीची बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, दार नुसतं लोटलेलं. ढकललं आणि जागीच उभा राहिलो. काकू उभ्या होत्या. पलंगापाशी नाही, खोलीच्या मध्यावर, खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून. खुर्ची जराशी पुढे सरकवायची, एक पाऊल टाकायचं आणि डोळे मिटून थांबायचं. कपाळावरून घाम ओघळत होता.

"काय करताय काय?" मी ओरडलोच.

"दिसत नाही? दार उघडायचं शिकतेय."

त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी पदरानं घाम टिपला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भिंगरी यायचीय ना. तिनं बेल वाजवली की दार मी उघडणार. पलंगावरून 'ये गं आत' असं नाही म्हणायचं मला. ती राहील दोन-चार दिवस, तेवढे मला दुखायला नको. म्हणून ठेवत होते. नेलंस ना सगळं उचलून?"

"म्हणजे रोज घेतच नव्हता तुम्ही?"

"अगदीच सहन झालं नाही की एखादी."

"आणि ती यायच्या दिवशी?"

"ती यायच्या आधी घेईन की चार-पाच एकदम. लागेल तेवढ्या."

ज्यांच्या अंगाला सवय नाही त्यांनी चार-पाच एकदम घेतल्या तर श्वास मंदावतो, गाढ झोप लागते आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. तू दार वाजवत राहिली असतीस. मी हे त्यांना सांगितलं, असंच, काही न झाकता.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" त्या भडकल्याच. "तू काय म्हणालास ते मला लख्ख आठवतंय. 'काकू, हे औषध फार दिवस नाही देता येणार हं.' मग मी काय करायचं? तुझं देणं संपलं आणि ती त्यानंतर आली तर?"

ते वाक्य माझंच. सगळ्या पेशंटना म्हणतो, जाता जाता, दाराची कडी उघडता उघडता. लोकांनी जपून वापरावं म्हणून. काकूंनी किती जपून वापरलं बघ.

आणि आता खरं कारण. मी सुरुवातीला लिहिलं की काकूंची तब्येत स्थिर आहे. नाही. आजार हाडांत उतरलाय, पाठीत आणि मांडीत. उन्हाळ्यातच रिपोर्ट आला होता. तो तुला कळवायचा राहिला असं म्हणणार होतो, पण तो राहिला नाही, मी ठेवला. मॉर्फिन पुऱ्या मात्रेत लिहायचं म्हणजे आपण कुठवर आलोय ते कबूल करायचं. थोडं थोडं देत राहिलो की वाटायचं, अजून वेळ आहे. तपासणीच्या बाईंना मी भीत नाही, काकूंसाठी त्यांच्याशी भांडलो असतो. मी तुला घाबरलो. हे पत्र लिहायला घाबरलो.

मला फळा दिसत नाही हे माझ्या आईबापांच्या आधी काकूंना कळलं होतं, आठवतं? माझं नाक मापून, दुकानात बसून त्यांनी स्वतः काचा घासल्या होत्या. आणि मी त्यांच्या पलंगाशी बसून पाकिटं तपासत होतो. मला माझी लाज वाटते, भिंगरी. फार वाटते.

सिस्टर परत डोकावून गेल्या. बाहेर तिघं बसलेत. बसू देत.

शुक्रवारीच पुऱ्या मात्रेचा कागद लिहिला. ठरलेल्या वेळेला, दुखायची वाट न बघता, रोज. पहिली गोळी त्यांनी माझ्यासमोर घेतली, तीही मी शपथ घेतल्यावर की हे औषध मी बंद करणार नाही, लागलं तर वाढवेन, संपू देणार नाही. सवय लागेल का, असं तू विचारशील. लागू दे. दुपारी गेलो तर खुर्चीतच झोपल्या होत्या. कपाळावरची आठी गेलेली. मी शेजारी बसून नुसता श्वास ऐकत होतो, सरळ आणि सावकाश. जाग आल्यावर म्हणाल्या, "लंब्या, त्या बाईला सांग, चहात पाणी कमी घाल." लंब्या म्हणाल्या! पोट साफ होण्याचं औषध बरोबर घ्यावं लागतं, त्यावरून मात्र मला रोज शिव्या बसतात. त्या मी आनंदानं खातो.

आता तुझं. तू मार्चपासून 'पुढच्या महिन्यात येते' म्हणतेयस. सुट्टी, काम, तिकीट, मला सगळं कळतं, मी काही तुझा न्याय करायला बसलेलो नाही. पण तू 'पुढच्या महिन्यात' म्हणालीस की काकू नव्यानं गोळ्या वाचवायला लागायच्या. प्रत्येक वेळी. एवढं फक्त माहीत असू दे. या वेळी महिना नको, तारीख कळव. आणि लवकरची कळव. किती लवकरची, ते मला लिहायला लावू नकोस.

ते चष्म्याचं घर मी परत ड्रॉवरमध्ये ठेवलंय. गोळ्या कपाटात जमा केल्या, पण एक आत ठेवली, काकूंच्या समोर. मोठी हालचाल करायची असेल तर तिच्या आधी एक जादा चालते, हे पुस्तकातही बसतं. ती दाराची गोळी. म्हणून पोचायच्या तासभर आधी मला फोन कर, म्हणजे मी ती माझ्या हातानं देईन.

मग बेल एकदाच वाजव. आतून खुर्ची घासल्याचा आवाज येईल, मध्येच थांबेल, तुला वाटेल कुणी येत नाही. तुझ्याकडची किल्ली काढू नकोस. हाक मारू नकोस. तुला उभं राहायची सवय नाही हे मला माहीत आहे, पण तशीच उभी राहा. दार काकूंनाच उघडू दे.

मी आतच असेन, त्यांच्या मागे, हात न लावता.

तुझी वाट बघणारा,
लंब्या